27 गोळ्या शिल्लक: एका पेन ओपीडीचा अनुभव

आधी तारे देऊन टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांनी पुढं नाही वाचलं तरी चालेल. पाचपैकी चार. पाचवा का कापला ते खाली येईलच. दवाखान्याचं नाव टाकत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे आणि तिथल्या सिस्टरला माझ्यामुळं कुणी बोललेलं मला चालणार नाही. आपल्या भागातल्या कुणाला खरंच गरज असेल तर दुकानावर या, तोंडी सांगतो.

माझं औसा तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खत, औषधं. हे सांगायचं कारण पुढं कळेल.

माय 74 वर्षांची. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. बार्शीला रेडिएशनचे शेक घेऊन झाले होते, महात्मा फुले योजनेत बसले, त्यात काही अडलं नाही. वर्षभर बरं गेलं. मग आषाढात कंबर धरली, तिथून दुखणं डाव्या मांडीत उतरलं. तपासणीत निघालं की आजार मणक्यापर्यंत गेलाय. मोठे डॉक्टर म्हणाले, आता आजाराच्या मागं पळण्यात अर्थ नाही, दुखण्यावर इलाज करू. एक चिठ्ठी दिली आणि पेन ओपीडीला, म्हणजे दुखण्याच्या ओपीडीला जा म्हणाले.

ती चिठ्ठी मी तीन आठवडे शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. सोयाबीनवर फवारणीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, हे एक. पण खरं कारण मामा. मामांनी चिठ्ठीचं नाव ऐकलं आणि म्हणाले, "तिथं मॉर्फिन देतेत. म्हणजे अफू. अफू खाऊ घालायलास का बहिणीला माझ्या? आन् ते सुरू केलं की समजायचं, डॉक्टरनं हात टेकले." थोरल्या ताईचं म्हणणं वेगळं होतं: भोग असतात, ते भोगूनच संपवायचे, मधी औषध घालून पुढच्या जन्माला ठेवू नये. माय काहीच म्हणत नव्हती. मी रोज सकाळी दुकानाला निघताना विचारायचो, "बरं हाय ना?" ती म्हणायची, "बरं हाय."

तोवर गावातल्या दवाखान्यात रोज एक सुई आणि दिवसाआड सलाईन चाललं होतं. सुई टोचली की आपल्याला बरं वाटतं. आपल्याला म्हणजे घरच्यांना.

मग एका दुपारी बायकोनं मला मायचं हिरवं इरकल लुगडं दाखवलं. धुऊन वाळत घातलेलं. पदराचा एक कोपरा चाळणीसारखा झाला होता, बारीक बारीक छिद्रं. मी म्हणालो, "उंदरानं कुरतडलं वाटतं, पिंजरा लाव." ती म्हणाली, "उंदीर कुठले? आत्याबाई रात्री पदर तोंडात धरायल्यात. आवाज भाईर जाऊ नये म्हून."

दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

ओपीडी तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागं. एक टेबल, एक पलंग, भिंतीवर सहा चेहऱ्यांचा तक्ता: पहिला हसरा, शेवटचा रडका. गर्दी दुसऱ्या ओपीड्यांच्या मानानं काहीच नाही, तरी आमचा नंबर यायला दोन तास गेले. का, ते आत गेल्यावर समजलं. आम्हाला पाऊण तास दिला. इतका वेळ आजवर एकाही डॉक्टरनं मायला दिला नव्हता.

सिस्टरनं विचारलं, "आजी, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

माय म्हणाली, "दहात नको इचारू लेकी. आण्यात इचार."

"बरं. सोळा आण्यांत किती?"

"दिसा आठ आणे. रातच्याला बारा."

सिस्टरनं बोटांवर हिशेब केला. "बारा आणे म्हणजे साडेसात. साडेसात लिहिते."

"साडेसाती आधीच लागली माय, तू आनखी लिहून नको देऊ."

दोघी हसल्या. मी हसलो नाही. बारा आण्यांचं दुखणं माझ्या घरात तीन आठवडे होतं आणि मला रोज "बरं हाय" असा हिशेब मिळत होता. सिस्टरनं तिला विचारलं, लेकाला का नाही सांगितलं. माय म्हणाली, "त्याचा धंद्याचा टाइम हाय."

तिथल्या डॉक्टर मॅडमनी कुठं दुखतं ते बोटानं दाखवायला लावलं. कंबरेतलं ठणकतं, मांडीतलं करंट मारल्यासारखं जातं. हाडाचं दुखणं वेगळं, नसेचं वेगळं, त्यामुळं गोळ्याही दोन तऱ्हेच्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली एक शिडी घालून दिलीय तीन पायऱ्यांची, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. खाली पॅरासिटामॉल आणि त्याच्या बहिणी, मधी ट्रामाडॉलसारखी हलकी, वर मॉर्फिन. दुखणं ज्या पायरीवर आहे त्या पायरीचं औषध द्यायचं, आणि तोंडानं घेता येतंय तोवर तोंडानंच. रोजच्या सुयांनी मायच्या किडनीचा रिपोर्ट बिघडत चालला होता, त्या तिथल्या तिथं बंद केल्या. माय हळूच म्हणाली, "मंग सुई नाहीच का?" तिला फसवल्यासारखं झालं असावं.

आता मालाबद्दल. मॉर्फिन 10 मिलिग्रॅम. पांढरी, भुईमुगाच्या दाण्याच्या निम्मी. पट्टीवर लाल अक्षरांत एनआरएक्स, म्हणजे अमली औषधाची खूण. आमच्या धंद्यात डब्यावरचा रंग बघूनच हात लावायचा असतो: हिरवा, निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे सगळ्यात जहाल, कवटीचं चित्र. वीस वर्षं लाल रंग बघून शेतकऱ्याला मास्क बांध, हात धू सांगणारा मी, माझ्याच हातात ती पट्टी होती आणि ती मायच्या तोंडात घालायची होती.

पाच पट्ट्या दिल्या, 50 गोळ्या, चौदा दिवसांच्या. वय बघून सुरुवात कमीवर. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 ला अर्धी अर्धी, रात्री 10 ला आख्खी एक, म्हणजे मध्यरात्री 2 ला उठवायला नको. दिवसाच्या 3. चौदा दिवसांच्या 42, वरच्या 8 अचानक कळ उठली तर. सोबत पोट साफ व्हायची गोळी, रोज, न चुकता. सगळं मराठीत लिहून, घड्याळाची चित्रं काढून दिलं. कपाटात कुलपात ठेवा, रिकाम्या पट्ट्या परत आणा, असंही बजावलं.

आणि मी काय केलं? उधारीच्या वहीत मागच्या पानावर रकाने पाडले, वेळा लिहिल्या, आणि गोळ्या वाचवायला लागलो.

खोटं बोलत नाही, वाचवायलाच लागलो. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की आहे: कीड दिसल्याशिवाय फवारणी नको. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच औषध. सकाळी 10 ला माय शांत पडलेली दिसली की मी म्हणायचो, आत्ता कुठं दुखतंय, कशाला द्यायची? दुसरं, बोंडअळीचं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. तेच ते औषध मारून मारून कीड पक्की होते, मग काहीच लागू पडत नाही. म्हणून जालीम औषध शेवटाला राखून ठेवावं. पंपाला 30 मिली सांगितलं की शेतकरी 50 टाकतो, त्यावरून मी रोज लोकांशी भांडतो. घरी मी सांगितलेल्याच्या निम्म्यावर आलो होतो आणि त्याला काळजी घेणं म्हणत होतो.

पोट साफ व्हायची गोळी बायकोनं बंद केली. मायला उठून संडासला जायला त्रास होतो, मग जाणंच कमी झालेलं बरं, असा तिचा विचार. आठव्या दिवशी पोट दगडासारखं झालं, आणि त्याचं खापर आम्ही सगळ्यांनी मिळून अफूवर फोडलं.

चौदाव्या दिवशी परत गेलो. माझ्या दुकानात कृषी खात्याचे निरीक्षक येतात, साठा रजिस्टर आणि कपाटातला माल ताडून बघतात, तेव्हा पोटात गोळा येतो. सिस्टरनं पट्ट्या टेबलावर ओतल्या आणि तशाच मोजल्या. 27.

"दादा, जास्तीत जास्त 8 उरायला पाहिजे होत्या."

मी गप्प. तिनं मायला बायकोसोबत वजन करायला पाठवलं, दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता रागावणार. तिनं विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

या एका प्रश्नासाठी मी चारातले तीन तारे दिलेत. सगळं बाहेर पडलं माझ्या तोंडून: मामांची अफू, ताईचे भोग, बोंडअळी, लाल रंग, आणि रात्री माझ्या हातानं दिलेल्या गोळीनं तिचा श्वास थांबला तर. ती मधी बोलली नाही. मग एकेक घेतलं. अफूच्या बोंडातूनच मॉर्फिन निघतं, हे तिनं नाकारलं नाही. मंदसौर-नीमचकडं सरकारी परवान्यावर पिकतं, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यात जातं. "अनारशाला खसखस लावता की नाही? त्याच झाडाची. झाड एकच आहे दादा, त्याचं काय करायचं ते आपल्यावर आहे." कॅन्सरच्या दुखण्यासाठी घड्याळाप्रमाणं घेणाऱ्या म्हातारीला व्यसन लागायची भीती बाळगायचं कारण नाही, अंगाला सवय होते एवढंच, म्हणून एकदम बंद करायचं नाही, कमी करत आणायचं. बोंडअळीचा हिशेब इथं लागू नाही, कारण दुखणं वाढलं तर मात्रा वाढवता येते, शेवटासाठी राखून ठेवायची गरज नाही. श्वासाची भीती खरी आहे, म्हणून तर अर्धीपासून सुरुवात. हलवूनही जागी होत नसेल, श्वास फार संथ वाटला, तर पुढची गोळी थांबवा आणि फोन करा.

"आणि कीड दिसल्यावर फवारायचं म्हणताय," ती म्हणाली, "पण हे फवारणीचं औषध नाहीये. हे ठिबक आहे. पीक सुकल्यावर पाणी देता का?"

ती शेतकऱ्याची मुलगी निघाली, निलंग्याकडची. मॅडमनी हेच इंग्रजीत सांगितलं असतं तर मी मान डोलावून घरी येऊन पुन्हा तेच केलं असतं.

जाता जाता मायनं तिचा प्रश्न विचारला: एकादशीला गोळी चालती का? सिस्टर म्हणाली, "भगरीसोबत घ्या आजी, पांडुरंगाला मी सांगते."

इथं जरा आडवळण घेतो. बहिणीची मुलगी अमेरिकेत अटलांटाला नर्स आहे, रविवारी व्हिडिओ कॉल करते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मामा, इथल्या कृष्णवर्णीय पेशंटांच्या घरी मी हेच ऐकते. व्यसन लागेल. आत्ताच घेतलं तर पुढं लागू पडणार नाही. दुखतं दुखतं केलं तर डॉक्टरचं लक्ष कॅन्सरवरून उडेल. देव बघून घेईल. आणि गोळ्या बहुतेक वेळा पेशंट नाही, घरचंच माणूस लपवून ठेवतं. मला वाटलं, चला, म्हणजे आपणच अडाणी नाही. पण ती पुढं जे बोलली त्यानं हसू गेलं. त्यांच्या अविश्वासाला इतिहास आहे. अलाबामात टस्कीगी इथं 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस हा गुप्तरोग नुसता बघत ठेवला, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. आणि तिच्याच शहरातला एक अभ्यास, 2000 सालचा: हाड मोडून इमर्जन्सीत आलेल्या गोऱ्या पेशंटांत शंभरात 74 जणांना दुखण्याचं औषध मिळालं, कृष्णवर्णीयांत 57 जणांना. त्याच साली न्यूयॉर्कची औषध दुकानं कुणीतरी तपासली. गोऱ्यांच्या वस्तीत शंभरातल्या 72 दुकानांत मॉर्फिनच्या जातीची औषधं पुरेशी होती, बिगरगोऱ्यांच्या वस्तीत 25 दुकानांत. बाकीच्यांकडं माल पुरेसा नव्हता. म्हणजे आपलं तेच, आम्ही ठेवत नाही.

हे वाक्य मी आमच्या जिल्ह्याच्या गावात एका दिवसात सहा मेडिकलवर ऐकलंय. तीच तर माझी पहिली तक्रार.

मार्गशीर्षात एकदा ओपीडीतला साठा संपला. खिडकीवर गेल्यावर सांगितलं, आला नाही, परवा या. आमच्याकडं चार गोळ्या. आधी फोन करायला काय झालं होतं? 40 किलोमीटर गाडी घेऊन आलेल्या माणसाला खिडकीवर हे ऐकवायचं? सहाच्या सहा मेडिकल फिरलो. एकानं तर चिठ्ठी बघून माझ्याकडं असं पाहिलं की मी चोरीचा माल मागतोय. सिस्टरनं मग दुसऱ्या दवाखान्यात फोन लावून, मॅडमची सही-शिक्क्याची चिठ्ठी देऊन सोय केली, पुतण्या मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. तिथल्या फार्मासिस्टनं समजावलं की 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीला कंटाळून बहुतेक दवाखान्यांनी हे औषध ठेवणंच सोडलं होतं, 2014 साली कायदा दुरुस्त झाला, मान्यता मिळालेल्या संस्थेला ते सोपं झालं, पण ठेवणारे अजून थोडेच. कारण पटलं. तारा तरीही कापला. दुखणं परवापर्यंत थांबत नाही.

दुसरी तक्रार बारीक आहे. ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस, आणि घरी येणारी त्यांची टीम शहराबाहेर फार लांब येत नाही. आम्हाला सगळं फोनवरच करावं लागलं. फोन मात्र उचलायचे, रात्री साडेअकरालाही.

बाकी औषधानं काम कसं केलं ते सांगतो. नियमानं सुरू केल्यावर पहिले तीन दिवस माय नुसती झोपली. मी रात्री उठून तिच्या नाकाखाली बोट धरायचो, श्वास लागतो का बघायला. मामा दारात बसून "सांगितलं होतं" अशा तोंडानं तंबाखू मळत. चौथ्या दिवशी सकाळी सातला तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "दुकान का बंद हाय?" सिस्टरनं आधीच सांगितलं होतं की इतक्या दिवसांची राहिलेली झोप आहे ती, आणि गुंगी तीन-चार दिवसांत ओसरते. मळमळही आठवड्यात गेली. पोटाची गोळी मात्र शेवटपर्यंत, कारण ती तक्रार सवयीनं जात नाही.

भाद्रपदात मात्रा एकदा वाढवली. रात्रीचे आणे बारावरून चारावर आले. दिवाळीत तिनं पलंगावर बसून सुनेकडून अनारसे करून घेतले, खसखस जास्त लागली म्हणून बोलणीही खाऊ घातली. ती खसखस बघून मामा हळूच म्हणाले, "हीच का ती?"

आणि वेळा अमावास्या, आमच्याकडचा शेतात जाऊन पूजा करायचा सण. मायला शेतात जायचंच होतं. कच्च्या रस्त्यानं दोन किलोमीटर, प्रत्येक खड्डा तिच्या मणक्यातून जाणार. फोन केला. सिस्टर म्हणाली, निघायच्या अर्धा तास आधी जादाची एक द्या आणि गादी जाड घाला. तसं केलं. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडलेले, चुन्यानं रंगवलेले, माय त्यांच्यासमोर तक्क्याला टेकून बसली. भज्जी आणि बाजरीचा उंडा, दोन घास का होईना, खाल्ला, आंबील वाटीभर प्यायली. ताईनं विचारलं, "दुखतंय का गं?" माय म्हणाली, "दोन आणे. तेवढं राहू दे, नाहीतर भोग भोगले नाहीत म्हणशील." ताई त्यानंतर भोगाचं बोलली नाही.

ज्यांना वाटतं की हे सुरू केलं म्हणजे आठवड्याचा खेळ, त्यांच्यासाठी: आम्ही श्रावणात सुरू केलं, माय माघात गेली. शेवटच्या चार दिवसांत गिळता येईना, तर सिस्टरनं फोनवर सांगितलं तशी गोळी चुरून थेंबभर पाण्यात जिभेखाली ठेवायचो. तिची सगळी लुगडी बायकोनं नंतर घडी घालून ठेवली. त्या हिरव्या इरकलीशिवाय एकाचाही पदर कुरतडलेला नव्हता.

तेराव्यानंतर उरलेल्या गोळ्या परत द्यायला गेलो. कुलपातून काढून, वहीसकट. सिस्टरनं पट्टी टेबलावर ठेवली, मोजल्या. 11. वहीतला आकडा बघितला, 11. रजिस्टरवर माझी सही घेतली. मी उठायला लागलो तर म्हणाली, बसा, आणि भिंतीवरच्या चेहऱ्यांकडं बोट करून विचारलं, "दादा, तुमचं कसं आहे?"

मी आण्यात सांगितलं.